अर्धीच सांगितलेली लढाई

माझे थोरले चुलते लढाईतून पळून आले होते, हे मला एका रिक्षानं सांगितलं.

सत्त्याण्णव साल नुकतंच लागलं होतं. मी सांगलीला कॉलेजात दुसऱ्या वर्षाला होतो. आमच्या घरात कॉलेजात गेलेला मी पहिलाच, त्यामुळे शनिवारी गावी आलो की घरातले मला पाहुण्यासारखं वागवायचे आणि मला अवघडल्यासारखं व्हायचं. त्या शनिवारी एस.टी.तून फाट्यावर उतरलो, तर चहाच्या टपरीसमोर रिक्षा उभी. टपावर कर्णा, दोन्ही अंगांना विरुद्ध पार्टीचे बोर्ड. आत माइक घेऊन बसलेला मुलगा शाळेत माझ्याच वर्गातला, दहावीला राहिलेला. तो एका कागदावरून वाचत होता, "जखमी जवानाचं निमित्त करून रणांगणातून माघारी पळणारे सुभेदार तुम्हाला काय पुढे नेणार? मतदार बंधूंनो, विचार करा." मग देशभक्तीचं गाणं लागलं. मला पाहिल्यावर त्यानं माइकवर हात ठेवला आणि नेहमीच्या आवाजात विचारलं, "कवा आलास रं? परीक्षा झाली व्हय?"

मी म्हणालो, "झाली."

आज इतक्या वर्षांनी हे लिहिताना मला त्या रिक्षाचा जेवढा राग येतो, तेवढाच त्या "झाली"चा येतो. मला भांडता येत नाही. तेव्हाही येत नव्हतं. डोक्यात शब्द येतात ते पुस्तकातले येतात, आणि ते तोंडापर्यंत येईस्तोवर समोरचा माणूस निघून गेलेला असतो.

चुलत्यांना आम्ही आबा म्हणायचो. गाव त्यांना सुभेदार म्हणायचं. पलूसच्या बाजूचं आमचं गाव, ऊस आहे, नदी जवळ आहे आणि घरटी एक तरी माणूस फौजेत आहे किंवा होता. आबा पायदळात शिपाई म्हणून लागले आणि सुभेदार होऊन परत आले. स्वभावानं कडक. पहाटे उठून दाढी करायचे, बोलायचे कमी आणि जे बोलायचे ते हुकूम दिल्यासारखं. शाळेच्या भिंतीवर थुंकणाऱ्या एका तरुणाला त्यांनी भर रस्त्यात कानफटात दिली होती. रेशनच्या दुकानात रांग मोडली म्हणून सरपंचाच्या भावालाही मागं उभं केलं होतं. माणसांना ते आवडायचं नाही. मलाही लहानपणी त्यांची भीती वाटायची. हे मी मुद्दाम लिहितो आहे, कारण आबा सगळ्यांचे लाडके होते आणि दुष्टांनी त्यांना छळलं, अशी ही गोष्ट नाही. त्यांच्यावर राग धरावा अशी कारणं गावाकडे होती. पण जी कारणं होती, ती कुणी वापरली नाहीत.

जिल्हा परिषदेची निवडणूक होती. आमच्या पार्टीला फौजी घरांची मतं हवी होती, म्हणून त्यांनी आबांना गळ घातली. आबा आधी नाही म्हणाले, पुन्हा नाही म्हणाले आणि मग हो म्हणाले. का म्हणाले, ते मला अजूनही नीट कळलेलं नाही. शाळेला पक्क्या खोल्या हव्यात, असं ते काहीतरी म्हणाले होते.

आता ती लढाईची गोष्ट. ती आबांनी कधी सांगितली नाही. सांगायचे ते तात्या. तात्या म्हणजे आमच्या गल्लीच्या टोकाला राहणारे निवृत्त हवालदार. आबा आणि ते एका दिवशी भरती झाले, एका कंपनीत राहिले आणि एकाहत्तरच्या लढाईत पूर्वेकडच्या आघाडीवर एकाच नाल्याच्या काठावर पडून होते. साताऱ्याला निवृत्त सैनिकांचा मेळावा असला की दोघं एकाच एस.टी.नं जायचे, येताना एकाच पिशवीत कंदी पेढे आणायचे.

आमच्या शाळेत एक पद्धत होती. सव्वीस जानेवारीला आणि पंधरा ऑगस्टला झेंडावंदनाला गावातले सगळे फौजी छातीवर पदकं लावून एका रांगेत उभे राहायचे. झेंडा झाला की हेडमास्तर त्यातल्या एकाला मुलांपुढं लढाईची गोष्ट सांगायला बोलवायचे. बोलवायचे म्हणजे तात्यांनाच, कारण बाकीच्यांना सांगता यायची नाही. आणि तात्या दर वेळी तीच गोष्ट सांगायचे.

"दिवस मावळायला आला व्हता," ते सुरू करायचे. "म्होरं नाला, नाल्याच्या पल्याड बांबूचं बेट आन् त्या बेटातनं मशीनगन. आमच्यातला जतचा गडी पोटात गोळी लागून पडला. सायेब म्हणलं, ह्याला मागं न्या. कोण नेणार? ह्यो आपला सुभेदार तवा नाईक व्हता. उचलला खांद्यावर आन् निघाला भाताच्या खाचरातनं. गुडघ्याएवढा चिखल. आमाला वाटलं, गेला ह्यो. आता कशाला येतोय माघारी? मागं डाक्टर हाय, गरम चहा हाय. मीबी आलो नसतो, खोटं कशाला बोलू."

इथं मुलं हसायची.

"रातभर आमी पडून. माझ्या रायफलीत तीन गोळ्या राहिल्या व्हत्या. उजाडायच्या आत खाचरात डबक डबक वाजाय लागलं. मी रायफल धरली, म्हणलं, कोण हाय? तर मराठीतनं आईवरनं शिवी आली."

इथं मास्तरही हसायचे.

"बघतो तर ह्यो. दोन हातांत दोन पेट्या, गोळ्यांच्या. आन् डाव्या पायात बूट न्हाई, चिखलानं खाल्लेला. जतचा गडी ह्याच्या खांद्यावरच गेला व्हता, डाक्टरापर्यंत पोचलाच न्हाई. डाक्टर म्हणला, तूबी बस हितं, तुझ्याबी खांद्यात लोखंड घुसलंय. तर ह्यो बसला न्हाई. त्या दोन पेट्यांवर आमी दुपारपतोर टिकलो. पोरांनो, मी आज तुमच्यापुढं उभा हाय तो त्या पेट्यांवर उभा हाय."

ही गोष्ट मी पहिलीपासून दहावीपर्यंत वर्षातून दोनदा ऐकली. माझ्या बहिणीच्या लग्नात मांडवात ऐकली. गावातल्या प्रत्येक माणसानं ती ऐकली होती, रिक्षात बसून कागद वाचणाऱ्यानंही. शाळेत तो माझ्या शेजारीच बसायचा. शिवीच्या जागी तो माझ्या आधी हसायचा.

आणि आता कर्णा सांगत होता की आबा जखमी जवानाचं निमित्त करून मागं पळाले. म्हणजे तीच गोष्ट, पण खाचरात नेऊन सोडलेली. ती अर्धी करून कुणी दिली असेल, ते मला फाट्यापासून घरापर्यंत चालताना कळलं होतं, पण मी ते स्वतःशीही मान्य करत नव्हतो. तात्या विरुद्ध पार्टीत होते. त्यांचे वडीलही त्याच पार्टीत होते. आमच्याकडे पार्टी ही जमिनीसारखी वाटणीत येते.

पुढच्या आठवड्यात बाजाराच्या दिवशी विरुद्ध पार्टीवाल्यांनी गाढव आणलं. वीटभट्टीवरचं गाढव, पाठीपोटावरून दोरी आवळलेली, डोक्याला फौजी टोपी बांधलेली, गळ्यात सोड्याच्या बाटल्यांच्या बुचांची माळ, पदकं म्हणून. एकजण पुढं चालत कडक आवाजात "आगे बढ" म्हणायचा आणि दहा पावलांवर "पीछे मुड" म्हणून गाढवाला उलटं फिरवायचा. बाजार खो खो हसत होता. भाजीवाल्या बायका तोंडाला पदर लावून हसत होत्या. ज्या फौज्यांनी स्वतःच्या पदकांसाठी बायकोला कपाटाला हात लावू दिला नाही, तेही बुचांची माळ बघून हसत होते.

आबा तिथंच होते, हातात पिशवी घेऊन. मी त्यांच्या मागं होतो. ते थांबून बघत राहिले. गाढव त्यांच्यासमोर आलं तेव्हा हसणं जरा कमी झालं. पुढं चालणाऱ्या माणसाची जरा पंचाईत झाली, पण तो मागं फिरायलाही तयार नव्हता. तो म्हणाला, "सुभेदार, राग मानू नका. इलेक्शन हाय."

आबा म्हणाले, "त्याच्या पाठीला जखम हाय. दोरी वर बांध."

मग त्यांनी मेथीच्या दोन जुड्या घेतल्या आणि घरी निघाले.  रस्त्यानं मी मनात एक मोठं भाषण करत होतो, सगळी वाक्यं व्याकरणशुद्ध.

या सगळ्याच्या वरची गोष्ट म्हणजे गावात वाटलेलं एक हँडबिल. खाली ना सही, ना छापखान्याचं नाव. त्यात एवढंच होतं की, सुभेदार दर दिवाळीला जत तालुक्यात कुणाच्या घरी मुक्कामाला जातात, ते त्यांनी घरच्या मंडळींना आणि मतदारांना सांगावं.

घरच्या मंडळींना सांगावं. काकूच त्यांची पिशवी भरायची. करंज्या, चकल्या, साडी, मुलांना कपडे. जतचा तो गडी गेला तेव्हा त्याची बायको विशीतली होती, पदरात दोन मुलं. तेव्हापासून आबा दर भाऊबीजेला तिच्याकडे जायचे आणि ती त्यांना ओवाळायची. मी दहा-अकरा वर्षांचा असताना एकदा त्यांच्याबरोबर गेलो होतो. माळरान, बाभळी, दोन खोल्यांचं घर आणि दारात मेंढरांचा वास. ती अर्धं मराठी, अर्धं कानडी बोलायची. आबा एवढे कडक, पण तिच्यापुढं पाटावर बसताना टोपी चार वेळा सारखी करायचे. ओवाळताना ती त्यांच्या तोंडाकडं बघत नव्हती. खांद्याकडं बघत होती. का, ते मला तेव्हा कळलं नाही. मला करंजी खायची घाई होती.

ते हँडबिल काकूनं स्वतः पाणवठ्यावरून घरी आणलं. तिला वाचता येत नव्हतं. मलाच वाचायला लावलं. मी वाचताना अडखळलो, तर म्हणाली, "नीट वाच की. कॉलेजला कशाला घातलंय?" वाचून झाल्यावर तिनं कागद माझ्या हातातून घेतला. मग म्हणाली, "तिथवर न्हाई ना रं जायाचं हे?"

"कुठवर?"

"जतला."

काकूला आमच्या गावाची काळजी नव्हती. तिला तेवढीच एक काळजी होती, आणि ती मला तेव्हा विचित्र वाटली. मी म्हणालो, "एवढ्या लांब कोण नेतंय काकू?"

त्या संध्याकाळी आमच्या पार्टीचे अध्यक्ष घरी आले. ते खुशीत होते. म्हणाले, "सुभेदार, ह्यो चेंडू त्यांनी आपल्या हातात दिलाय. त्या बाईला गाडी पाठवून आणू. भर सभेत स्टेजवर तुम्हाला ओवाळू दे. सगळा गाव रडंल बघा."

आबांनी विचारलं, "आन् ती?"

"ती काय?"

"ती काय सांगणार स्टेजवर? की मी हिचा भाऊ हाय म्हणून?"

"व्हय की. त्यात काय?"

"ती मेंढरं घिऊन जगतीया. कुणाच्या बापाला काय सांगायची तिला गरज न्हाई." आबांनी एवढं बोलून चहाचा कप खाली ठेवला. "तिचं नाव कुणी काढायचं न्हाई. तिनं एकदा लोकांपुढं उभं राहून कुकू पुसलंय. परत न्हाई."

अध्यक्ष नाराज झाले. मग माझ्याकडं वळून म्हणाले, "बरं, मग तू तरी लिही. त्यांच्या उमेदवाराच्या सुनेचं काय चाललंय, ते सगळ्या तालुक्याला ठाऊक हाय. जरा झणझणीत लिही, कॉलेजच्या भाषेत." मी नाही म्हणालो. ते हसले आणि म्हणाले, "मग शिकून काय उपेग?" चार दिवसांनी त्या सुनेवरचं हँडबिल आलंच, कुणाकडून तरी लिहून घेतलेलं. त्या सुनेला मी ओळखत होतो, ती माझ्या बहिणीची मैत्रीण. आबांनी अध्यक्षांना घरात घ्यायचं बंद केलं, पण फॉर्म मागं घ्यायची मुदत संपली होती. मला त्या दिवसांत कुणाचीही बाजू घ्यावीशी वाटेना. मला फक्त एक गोष्ट हवी होती. जो माणूस अर्धी गोष्ट सांगू शकला, त्यानं उरलेली अर्धी सांगावी.

म्हणून मी तात्यांच्या घरी गेलो. त्यांनी मला बसायला सांगितलं, सुनेला चहा टाकायला सांगितलं, सांगलीला जेवणाचे हाल होतात का, ते विचारलं. मी सगळी वाक्यं घरून पाठ करून आणली होती. पहिलंच विसरलो.

"तात्या, तुम्ही त्यांना काय सांगितलं?"

"कुणाला?"

"रिक्षावाल्यांना."

तात्यांनी बशीत चहा ओतला. "मी खोटं काय सांगितलं? त्यांनी इच्यारलं, लढाईत सुभेदार मागं गेला व्हता का? मी म्हणलं, व्हय, गेला व्हता. न्हवता गेला का?"

"पण परत आले होते."

"आला व्हता की. मी कुठं न्हाई म्हणतोय?"

"मग ते का नाही सांगितलं?"

"त्येंनी इच्यारलं न्हाई रं."

मला वाटलं होतं, ते ओशाळतील किंवा चिडतील. ते अगदी शांत होते, चहा फुंकून पीत होते. मला समजावून सांगत होते, जसं मुलांना सांगतात तसं.

"हे बघ बाळा, तू शिकलेला हाईस पर ह्यातलं तुला काय कळणार. इलेक्शन म्हंजे इलेक्शन. महिनाभर मी त्यांचा, सुभेदार तुमचा. एकदा गुलाल पडला की सगळं परत जाग्यावर. मीच सांगीन की ती गोष्ट. तुझ्या लग्नात सांगीन. मांडवात उभा राहून सांगीन."

"तात्या, तुम्ही म्हणायचा की, मी त्या पेट्यांवर उभा आहे."

"हायच. अजून हाय. पर पार्टीबी हाय की गड्या."

मी उठलो. चहा तसाच राहिला. त्यांची सून दारातून म्हणाली, "आवं, चहा तरी घ्या." तिचा काही दोष नव्हता आणि मी तिच्याकडं रागानं बघितलं.

सव्वीस जानेवारीला शाळेच्या पटांगणात गाव नेहमीपेक्षा जास्त जमला होता. दोन्ही पार्ट्यांची माणसं दोन बाजूंना. आबा पदकं लावून आले. फौज्यांच्या रांगेला हुकूम द्यायचा मान सगळ्यांत वरच्या हुद्द्याचा, म्हणजे आबांचा. मला वाटलं, त्या बाजूचे फौजी आज हुकूम मानणार नाहीत. पण आबांचा आवाज आला आणि सगळ्यांच्या टाचा एकदम वाजल्या. तात्यांची टाच तर सगळ्यांत जोरात. मागच्या बाजूला कुणीतरी गाढवासारखं ओरडलं. रांगेतला एकही माणूस हलला नाही.

झेंडा झाला. हेडमास्तर घाम पुसत माइकजवळ आले. त्यांना वाटलं असावं की नेहमीचं करावं म्हणजे कुणी काही म्हणणार नाही. ते म्हणाले, "आता दरवर्षीप्रमाणे हवालदारसाहेब मुलांना लढाईचा प्रसंग सांगतील."

तात्या पुढं आले. एकदा स्वतःच्या पार्टीच्या खुर्च्यांकडं बघितलं. मग त्यांनी बर्फाची गोष्ट सुरू केली. बर्फ वितळवून पाणी कसं करायचं, दाढी कशी गोठते. मुलं थोडा वेळ ऐकत राहिली. मग चौथीच्या रांगेतून एक पोरगी म्हणाली, "पेट्यांची सांगा की." दुसरा मुलगा म्हणाला, "शिवीची, शिवीची." सगळी मुलं ओरडायला लागली. "पेट्यांची, पेट्यांची."

तात्या म्हणाले, "ती न्हाई आता. ती मागनं."

"मागनं कवा?" तीच पोरगी.

मी कसा उठलो, ते मला सांगता येणार नाही. माइकपाशी गेलो नाही, होतो तिथंच उभा राहिलो.  मी म्हणालो, "मी सांगतो." आणि सांगायला लागलो. फार वाईट सांगितलं. "सूर्यास्ताच्या सुमारास शत्रूच्या गोळीबारात एक जवान गंभीर जखमी झाला," असं काहीतरी, निबंधासारखं. मुलं कंटाळली. पण मी थांबलो नाही. आबा खांद्यावर त्याला घेऊन गेले इथपर्यंत आलो, मग पहाटेपर्यंत आलो आणि म्हणालो, "तेव्हा हातात पेटी घेऊन..."

"दोन पेट्या," ती पोरगी म्हणाली.

"दोन पेट्या घेऊन, पायातले बूट चिखलात गेलेले..."

"एक बूट," विरुद्ध बाजूच्या खुर्चीवरून एक म्हातारा म्हणाला. त्यांच्या उमेदवाराचाच मामा. बोलल्यावर तो एकदम गप्प झाला.

"एक बूट," मी म्हणालो. "उजव्या..."

"डाव्या," तात्या म्हणाले. "डाव्या पायातला."

 मी तात्यांकडं बघत होतो. सगळेच बघत होते. त्यांच्या ओठांवर पुढचं वाक्य आलं होतं, मला ते दिसत होतं, वीस वर्षं सांगितलेलं वाक्य. त्यांच्या पार्टीचा उमेदवार खुर्चीत जरा पुढं सरकला. तात्यांनी त्याच्याकडं बघितलं आणि मान खाली घातली.

हेडमास्तर म्हणाले, "आता मुलांना जिलेबी वाटण्यात येईल."

त्या दिवशी मला जे कळलं, ते मी अजून विसरू शकत नाही. मला वाटत होतं, लोकांना खरं माहीत नाही म्हणून ते हसतात. खरं सांगितलं की थांबतील. कॉलेजात आम्हाला तसंच शिकवलं होतं. पण त्यांना सगळं माहीत होतं. किती पेट्या, किती बूट, कुठला पाय, सगळं. माहीत असून ते गाढवामागं चालले होते. दुसऱ्या दिवशी रिक्षा पुन्हा आली, तोच कागद, तेच गाणं. ज्या म्हाताऱ्यानं बुटांचा आकडा दुरुस्त केला, त्याच्याच दारात उभी राहून ती वाजत होती.

आबा पडले. बऱ्याच मतांनी पडले. त्याचं मला फारसं वाटलं नाही. त्या संध्याकाळी तात्या अंगावर गुलाल घेऊन आमच्या दारात आले आणि म्हणाले, "सुभेदार, झालं गेलं. चला, चहा पाजा." आबांनी त्यांना आत घेतलं. मी आतल्या खोलीत बसून राहिलो. बाहेरून दोघांच्या बोलण्याचा आवाज येत होता, पेन्शनबद्दल, कुठल्यातरी ओळखीच्या मेजरच्या आजाराबद्दल. मला आबांचाही राग आला. ते एवढं सहज कसं करू शकले, ते मी त्यांना कधी विचारलं नाही.

पंधरा ऑगस्टला तात्यांनी अख्खी गोष्ट सांगितली. नेहमीपेक्षा रंगवून सांगितली. शिवीच्या जागी सगळे हसले. मी सुट्टीला आलो होतो, मागं उभा होतो. आबा रांगेत समोर बघत उभे होते.

आणि दिवाळीच्या आधी जतहून निरोप आला. बाजाराला आलेल्या तिच्या दिराकडून, तोंडी. यंदा भाऊबीजेला येऊ नका. दिरानं जास्त काही सांगितलं नाही. एवढंच म्हणाला की पोरं आता मोठी झालीत, धाकट्याच्या सोयरिकीचं बघतोय, आणि पाहुण्यांकडं एक कागद आला होता. आबांनी त्याला पाणी दिलं, जेवायला वाढलं. तो गेल्यावर काकूनं माझ्याकडं एकदाच बघितलं. कोण नेतंय एवढ्या लांब, असं मीच म्हणालो होतो.

काकूनं तरीही पिशवी भरली. भाऊबीजेच्या दिवशी पिशवी खुंटीला होती. आबा अंघोळ करून, स्वच्छ सदरा घालून ओट्यावर बसले आणि दुपारी जेवायलाच उठले. संध्याकाळी काकूनं त्यातल्या करंज्या काढून आम्हाला ताटात वाढल्या. कुणाला खाववेनात.

दुसऱ्या दिवशी तात्या ओट्यावर आले, नेहमीसारखे. आबा शेतात गेले होते. तात्या मला म्हणाले, "तुझ्या चुलत्याचं तोंड का उतरलंय रं?"

मी सांगितलं. अजिबात न अडखळता सांगितलं. निरोप, दीर, पाहुण्यांकडचा कागद, सगळं. तात्या ऐकत राहिले. नंतर बराच वेळ त्यांनी हातातली काठी जमिनीवर फिरवली.

"तो कागद माझा न्हवता," ते म्हणाले. "बाईचं मी कायबी बोललो न्हवतो. आन् लढाईचं म्हणशील तर आता सांगतोय की मी. पंधरा आगस्टला सांगितली. गणपतीत सांगितली. सगळ्यांना सांगतोय."

"जतला जाऊन सांगा."

"आँ?"

"ती बाई, तिची मुलं, ते पाहुणे. तिथं जाऊन सांगा, तुम्ही तिथं होता, तुम्ही बघितलंय. कोण कुणाच्या खांद्यावर गेलं, ते सांगा. तुमच्याशिवाय दुसरा कुणी उरला नाही."

तात्यांनी काठी सरळ धरली. मला वाटलं, ते उठतील आणि हो म्हणतील. मी खरंच तसं समजत होतो, एवढं सगळं होऊनही.

"जत लय लांब हाय रं," ते म्हणाले.

मी त्यांना सांगितलं की सांगलीच्या स्टँडवरून सकाळी जतची गाडी लागते, आबा त्याच गाडीनं जायचे, मी बरोबर येतो, तिकीट मी काढतो. तात्या काठी टेकत उठले. चप्पल घातली आणि गल्लीच्या टोकाकडं निघून गेले. मी तिथंच उभा राहून गाडीची वेळ पुन्हा एकदा मोठ्यानं सांगितली. ऐकू जाण्याइतके ते जवळच होते.